रिकाम्या वाटीतला उजेड

काचेची भांडी धुणं हे माझं काम. वेरूळ रोडला औषधांचं एक कॉलेज आहे, त्याच्या पहिल्या मजल्यावर अगदी शेवटच्या खोलीत माझा नळ. ठेकेदाराच्या कागदावर माझं वय साठच्या आत आहे आणि ते दरवर्षी तिथंच थांबतं. माझी काही तक्रार नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. लिहिता येतं, वाचता येतं, आणि बाटली स्वच्छ झाली की नाही हे उजेडाकडं न धरता कळतं. ओल्या काचेवर अंगठा फिरवायचा. चुर्र वाजली तर झाली. गप्प बसली तर पुन्हा घ्यायची.

धुण्याचा नेम ठरलेला. साबणाच्या पाण्यात भिजवायची, मग आतून कुंचा, मग नळाचं पाणी सात वेळा, मग मशिनमधलं शुद्ध पाणी तीन वेळा. मी मोठ्यानं मोजते. शिकलेले लोक हसतात. मनात मोजलं की पाचव्यालाच सात झाल्यासारखं वाटतं, हे त्यांना ठाऊक नाही, कारण त्यांनी कधी धुतलेलं नाही.

माझ्या खोलीला लागून एक पोरगी काम करायची. देवगाव रंगारीकडची, शेतकऱ्याघरची, पीएच.डी.वाली. बाकीची पोरं बाटली घ्यायला आली की बाटली घेऊन जायची. ही थांबायची. ओट्याला टेकून उभी राहायची आणि आपल्या कामाचं बोलत सुटायची. तिला कुणीतरी ऐकणारं पाहिजे होतं आणि मला हात चालू असताना कानाला काहीतरी पाहिजे होतं. असं जमलं.

तिचं काम बारीक होतं. किती बारीक, तर तिनं सांगितलं, मोहरीच्या एका दाण्याचे इतके तुकडे करा की मोजता मोजता आपण म्हातारे होऊ. मी म्हटलं, मी झालेच आहे, पुढं बोल. ऑपरेशनचे टाके आपोआप विरघळतात ना, तसल्या प्लॅस्टिकचे हे कण. पोटात औषध भरलेलं. ते कॅन्सरच्या पेशीच्या आत गेले पाहिजेत, बाहेर घुटमळून उपयोग नाही. कण तोच, आतलं औषध तेच. फक्त वरचा पापुद्रा बदलायचा आणि बघायचं, पेशी कुणाला घरात घेते. चार वर्षं ती हेच करत होती. कपडे बदलून बदलून एकाच पाहुण्याला एकाच दारात उभं करायचं.

पहिला कण उघडा. त्याच्यावर काही नाही. दुसऱ्याला तिनं झिंग्याच्या कवचापासून काढलेला लेप दिला. पोरगी माळकरी घरातली, लसूणसुद्धा जपून खाणारी, आणि दिवसभर झिंग्याचं कवच आणि वासराच्या रक्तातलं पाणी यांच्याशी खेळायची. घरी सांगितलंस का, विचारलं तर म्हणाली, घरी म्हणते, औषधं बनवते. तर त्या झिंग्याच्या लेपानं कणाला धन वीज येते आणि पेशीची कातडी असते ऋण, म्हणून तो जाऊन चिकटतो. हे मला लगेच पटलं. थंडीत पॉलिस्टरची साडी पायाला अशीच चिकटते, कितीही ओढा. पण तो कण इतका चिकटायचा की जास्त झाला तर पेशीची कातडीच फाटायची. तिसऱ्याला सगळीकडून निसरडे केस लावलेले. अंगाला तेल लावलेल्या पैलवानासारखा, कुणाच्या हाताला लागत नाही. रक्ताला दिसत नाही हे चांगलं, पण पेशीलाही दिसत नाही, ती ओळखच देत नाही.

चौथा तिचा स्वतःचा. निसरडेच केस, पण काही केसांच्या टोकाला एक जीवनसत्त्व अडकवलेलं. पहिल्या महिन्यांत गरोदर बायकांना जी बारकी पिवळी गोळी देतात, त्यातलं. कॅन्सरच्या पेशीला त्याची फार हाव. तिच्या अंगावर ते पकडायला जागोजागी हात असतात. तिनं तो हात पुढं करायचा, जीवनसत्त्व धरायचं आणि कणासकट आत ओढायचं, असा पोरीचा बेत.

बेत कागदावर सरळ होता. पण पेशींच्या खाण्यात ते वासराच्या रक्ताचं पाणी असतं आणि त्यातली प्रथिनं कण पडला रे पडला की त्याला गुंडाळतात. आपण इतक्या मेहनतीनं घातलेला कपडा राहतो आत, वरून भलताच. मी तिला म्हटलं, लग्नात सगळ्यांना एकाच रंगाचा फेटा बांधला की चुलता कुठला आणि बँडवाला कुठला, कळत नाही. ती म्हणाली, मावशी, माझ्या चुलत्याला खरंच बँडवाल्यांत जेवायला बसवलं होतं. आम्ही दोघी इतक्या हसलो की सात वेळची मोजदाद चुकली आणि मला ती बाटली पहिल्यापासून धुवावी लागली.

जीवनसत्त्व किती केसांना लावायचं, सगळा प्रश्न तिथं अडला होता. कमी लावलं तर पेशीच्या हाताला सापडत नाही. जास्त लावलं तर निसरडेपणा जातो, प्रथिनं चिकटतात आणि पुन्हा फेटा. ती कमी करायची, वाढवायची, पुन्हा कमी करायची. कणांच्या आत हिरवं चमकणारा रंग भरलेला असायचा. सूक्ष्मदर्शकाखाली निळा उजेड टाकला की कण हिरवा पेटतो. पेशीच्या आत हिरवं दिसलं तर गेला. दर वेळी ती बघून यायची आणि ओट्याला टेकायची. मी विचारायची नाही. तोंडावर लिहिलेलं असायचं.

त्या साली दिवाळीनंतर बाहेरची कमिटी यायची होती. तिचे गाईड सर, शांत माणूस, आवाज कधी चढवत नाहीत, त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं की कमिटी येईपर्यंत कण आत गेलेला दाखवता आला नाही तर विषय सोडावा लागेल. चार वर्षं पुसायची आणि दुसरं काहीतरी धरायचं, नाहीतर घरी जायचं. हे तिनं मला सांगितलं तेव्हा हसली नाही. मीही फेट्याचं काही बोलले नाही.

आता माझ्याकडून काय झालं ते सांगते.

खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रांची पूजा असते. वजनकाट्यापासून पाणी गरम करायच्या टाकीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. सूक्ष्मदर्शकाची खोली ज्यांच्या ताब्यात, ते रोजा-नमाजवाले गृहस्थ, सगळे त्यांना मामू म्हणतात. पण माझा फेरा त्यांच्या खोलीवरून तसाच पुढं गेला तर तेच दारात येऊन म्हणायचे, "आपा, हमारे मशिन का क्या कसूर है?" मग त्यांच्या मशिनलाही फूल, लांबून, धूळ लागणार नाही असं.

दर वर्षी मी घरून तांब्या आणते, त्यात पाणी, आंब्याची पानं, वर नारळ. त्या वर्षी तांब्या विसरला. आता परत कोण जातं? फळीवर एक लिटरची बाटली होती, काचेची, रुंद तोंडाची, मी स्वतः धुतलेली. घरातल्या कुठल्याही तांब्यापेक्षा स्वच्छ. भरलं पाणी, टाकली चिमूटभर हळद आणि अक्षता, लावली बाहेरून कुंकवाची पाच बोटं, ठेवला नारळ. सर येऊन हात जोडून गेले. पोरीनं फोटो काढला. बाटली दसऱ्याच्या सुट्टीभर तशीच बसून होती.

सुट्टीनंतर मी ते पाणी खाली अशोकाच्या झाडाला घातलं आणि बाटली नळाखाली धरली. पुढं कुंचा घ्यायला हात गेला आणि थांबला. देवी बसलेल्या बाटलीत कुंचा खुपसायचा? तोच कुंचा, ज्यानं मी काय काय घासते. माझ्यानं झालं नाही. साबणही नको वाटला. शिवाय आत होतं काय, तर हळद. हळद म्हणजे घाण नव्हे. जखमेला लावतो, नवरीला लावतो, दुधात घालून पितो. दोनदा विसळली. अंगठा फिरवून बघितला नाही. पालथी घालून फळीवर ठेवली.

दोनदा. अकरा वर्षांत एका बाटलीला दोनदा पाणी दिलं, आणि नेमकी तीच पोरीनं उचलली.

तिनं त्यात पेशींचं खाणं कालवलं. ते खाणं मुळात गुलाबी असतं, कोकम सरबतात पाणी जास्त झाल्यासारखं. त्यात तळाची पिवळी झाक कुणाला दिसणार? पेशींना दिलं, वर तिचे कण सोडले, ठरलेला वेळ ठेवलं, धुतलं आणि वाट्या घेऊन मामूंच्या खोलीत गेली. एक तिच्या कणांची, बाकीच्या इतर कणांच्या, आणि एक रिकामी, म्हणजे पेशी आहेत, खाणं आहे, पण कण एकही सोडलेला नाही. रिकामी कशाला ठेवतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मी नळाशी होते. आधी काहीतरी पडल्याचा आवाज आला. ते स्टूल होतं. मग पोरगी धावत आली, दोन्ही हातात निळे मोजे, डोळे हे एवढाले.

"मावशी, गेले आत."

मी म्हटलं, कोण गेलं? माझ्या वयाला गेले म्हटलं की पहिला विचार तोच येतो.

"माझे कण. सगळ्या पेशी पेटल्यात. सगळ्या."

तिनं माझे साबणाचे हात धरले आणि मला खोलीबाहेर ओढलं. कॉरिडॉरमध्ये नुकतीच फरशी पुसलेली. तिला काय सुचलं कोण जाणे, तिनं हाताची अढी घातली आणि पाय जुळवले. फुगडी. मी पोरपणी बरी खेळायचे. अंगाला माहीत असतं, डोक्याला विचारावं लागत नाही. पाय आपोआप रोवले आणि आम्ही गरगरलो. तिचा पांढरा कोट उडतोय, माझा पदर उडतोय, भिंतीवरचे आग विझवायचे लाल नळे एकामागून एक जाताहेत. साबणानं हात सुटले आणि ती एका बाजूला गेली, मी बादलीत बसले. भरलेल्या बादलीत. सर दारातून बाहेर आले तेव्हा मी बादलीत होते आणि पोरगी भिंतीला धरून हसत होती. सरांनी मला हात देऊन उठवलं आणि विचारलं काही नाही. मी सांगितलं आहे, शांत माणूस.

मग सगळे मामूंच्या खोलीत. मला म्हणाली, तुम्हीपण बघा. मी ओली, खालून पाणी ठिबकतंय, तशीच डोळा लावला. चार वर्षं ऐकत होते ते पहिल्यांदा दिसलं. काळ्या अंधारात पेशीच पेशी, एकमेकींना चिकटून, आणि सगळ्यांच्या अंगात उजेड. हिरवा म्हणावा तर हिरवा, पिवळा म्हणावा तर पिवळा. फार देखणं होतं. मी जे दिसलं ते बोलले.

"हळदीसारखं दिसतंय की गं."

सगळे हसले. मीही हसले. मामू म्हणाले, आपांना सगळीकडं स्वयंपाकच दिसतो. पोरगी इमरती आणायला गाडीवरून गेली आणि पाक गळणारा पुडा घेऊन आली. सगळ्या मजल्यानं खाल्ली. मी दोन खाल्ल्या, दात तीन बाजूंनी गेलेत तरी.

सरांनी खाल्ली नाही. हातात धरून ठेवली. त्यांनी विचारलं, रिकामी वाटी बघितली का?

पोरगी म्हणाली, बघायची राहिली, आता बघते. अजून हसतच होती. गेली. आणि बाहेर आली ती चालत आली.

रिकामी वाटीसुद्धा पेटलेली होती. उघड्या कणांची, झिंग्याच्या लेपाची, निसरड्या केसांची, सगळ्या सारख्या. जिथं एकही कण सोडला नव्हता तिथं तेवढाच उजेड.

मग मला रिकाम्या वाटीचा अर्थ कळला. ती साक्षीदार असते. तिला काहीच द्यायचं नाही आणि विचारायचं, तुला काय दिसलं? ती म्हणाली काही नाही, तरच बाकीच्यांचं खरं. इथं साक्षीदारच पेटला होता.

पुढचा दिवस वाईट गेला. ती रंग तपासत होती, कण तपासत होती, मामू मशिन उघडून बसले होते. सर म्हणाले, कदाचित पेशीच खराब झाल्या असतील, सगळ्या टाकून नव्या मागवायच्या, आणि तेवढ्यात कमिटी येणार. पोरगी ओट्याला टेकायला आली नाही. मी एकटी धूत होते आणि मोजत होते. हातात दुसरीच बाटली होती, पाणी चौथ्यांदा ओतत होते, आणि पाचाला माझा आवाज थांबला. माझेच शब्द आठवले. हळदीसारखं दिसतंय की गं.

मी नळ बंद केला. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण पोरगी चांगल्या पेशी फेकून द्यायला निघाली होती. मी फळीकडं गेले. ती बाटली रिकामी होऊन परत धुवायला आली होती. उजेडाकडं धरली. तळाच्या कडेला पिवळी रेघ, नखाएवढी. अंगठा फिरवला. गप्प.

मी ती घेऊन सरांच्या खोलीत गेले. पोरगी तिथंच बसलेली. मी टेबलावर बाटली ठेवली.

"ती माझी हळद हाय, सर. कण नाय ते."

मग सगळं सांगितलं. तांब्या विसरला, नारळ ठेवला, देवीच्या बाटलीत कुंचा घालवेना, दोनदा विसळली. पोरगी माझ्याकडं बघत होती. सर उठले. कॅन्टीनमधून चिमूटभर हळद मागवली, पाण्यात कालवली, काचेच्या पट्टीवर थेंब ठेवला आणि मामूंकडं नेला. निळा उजेड टाकला. पेटली. स्वयंपाकघरातली हळद, तशीच हिरवीपिवळी.

मामू म्हणाले, "आपा तो उसी दिन बोली थी."

सरांनी डोळा मशिनला लावूनच सांगितलं की हळदीला कपडा लागत नाही, ती स्निग्ध असते, पेशीच्या कातडीतून सरळ आत शिरते. मग मान वर केली.

"मावशी, चार वर्षांत आमच्या कुणाचंच काही इतकं आत गेलं नव्हतं."

आणि ते हसायला लागले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. आवाज होत नव्हता, नुसते खांदे हलत होते, चष्मा काढून पुसत होते. मामू हसले. मला हसायचं नव्हतं, पण बादली आठवली आणि माझाही धीर सुटला. पोरगी तेवढी हसली नाही. निघून गेली.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी तिला समजवायला गेले नाही. तिचं नुकसान झालं होतं आणि ते माझ्या हातानं झालं होतं, त्यात समजवण्यासारखं काय आहे? मी त्या बाटलीत कुंचा घातला. आधी देवीला सांगितलं, आता घालते, तुझं तू बघ. साबण, मग सर म्हणाले तो स्पिरिटचा हात, कारण हळद पाण्याला दाद देत नाही, स्पिरिटला देते, मग साबण पुन्हा, मग सात, मग तीन. मग मनाची समजूत म्हणून आणखी सात आणि तीन. चुर्र.

तिसऱ्या दिवशी ती आली. ओट्याला टेकली नाही, सरळ उभी राहिली. बाटली मागितली. मी दुसरी देऊ लागले.

"तीच द्या. अन् इथून पुढं माझी बाटली तुम्हीच धुवायची. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

मी म्हटलं, हळद घालून की बिनहळदीची? तिचा ओठ हलला. हसणं दाबायला तिला जमत नाही, आधीपासूनच.

पुन्हा सगळं पहिल्यापासून. पेशी त्याच ठेवल्या, हळदीनं काही मेल्या नव्हत्या, उलट सर म्हणाले, चेहरा उजळला असेल. नवं खाणं, नवे कण. या वेळी तिनं जीवनसत्त्व बेताच्याच केसांना लावलं होतं, आतापर्यंतचं सगळ्यात कमी नाही आणि जास्तही नाही, मधलं. कमिटीच्या आधी प्रमाण बदलून बघायचा एवढा एकच डाव उरला होता. वाट्या घेऊन ती निघाली आणि माझ्या दारात थांबली. म्हणाली, चला. मी म्हटलं, माझं काय काम? म्हणाली, पहिल्यांदा तुम्ही बघायचं. रिकामी वाटी. हळद तुम्हालाच ओळखू येते.

मी हात पुसून गेले. मामूंनी पडदा ओढला, वाटी बसवली, निळा उजेड टाकला. मी डोळा लावला.

"काय दिसतं?" ती माझ्या पाठीशी होती, श्वास मानेला लागत होता.

"कायच नाय."

"नीट बघा, मावशी."

"बघतीय. काळं. पार काळं. आवसेला विहिरीत वाकून बघावं तसं."

माझ्या जन्मात मी कुणाला कायच नाय म्हणाले आणि ते माणूस इतकं खूश झालं, असं पहिल्यांदा घडलं. तिनं किंचाळी अर्धी गिळली, मला मागून धरलं, फिरवलं आणि त्या एवढ्याशा अंधाऱ्या खोलीत आम्ही फुगडीला लागलो. कशासाठी, तर काही दिसलं नाही यासाठी. मामू मशिनच्या आडवे उभे राहून दोन्ही हात पसरून म्हणत होते, लाखों की चीज है, आपा, लाखों की. शेवटी त्यांनीच थांबवलं. शांतपणे विचारलं, बीबी, तुमची वाटी बघायची राहिली ना?

राहिली होती. आनंदाच्या भरात विसरलोच. पोरीचं तोंड एकदम उतरलं. म्हणाली, माझ्यानं नाही होणार, तुम्हीच बघा.

आधी मामूंनी निसरड्या केसांची लावली. इकडंतिकडं एखादा ठिपका, अंधारात हरवलेला. मग तिची.

मी डोळा लावला. सुरुवातीला धूसर होतं. मामूंनी चाक फिरवलं. मग दिसायला लागलं. या वेळी सगळी पेशी उजळलेली नव्हती. दाणे होते. बारीक हिरवे दाणे, वेगवेगळे, खसखस सांडावी तसे. मधोमध एक काळा गोल आणि त्याच्या भोवती दाण्यांची गर्दी.

"दाणे हायेत," मी म्हटलं.

"आत का बाहेर?"

मामूंनी चाक हळूहळू फिरवलं, वर, खाली. वर नेलं की दाणे पुसट व्हायचे, मधे आणलं की लख्ख.

"आत."

"बाहेर चिकटलेले नसतील ना? नीट बघा."

"पोरी, भाकरीवर थापलेले तीळ अन् पोळीत भरलेले तीळ मला कळत नाय व्हय? आत हायेत. भरलेले हायेत."

ती मला बाजूला करून स्वतः बसली आणि उठेचना. मामूंनी घड्याळ बघितलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. मी तिथंच उभी राहिले. एकदा तिनं हात मागं करून माझा पदर चाचपला आणि त्यानं डोळा पुसला. पदराला साबण होता, डोळा आणखी चुरचुरला असणार.

सरांना दाखवलं. ते खूप वेळ बघत राहिले. रिकामी वाटी त्यांनी दोनदा लावायला सांगितली. मग म्हणाले, छान. पुन्हा दोनदा करा. तिन्ही वेळा असंच आलं तर इमरती. तोपर्यंत कुणीही कॉरिडॉरमध्ये फुगडी खेळायची नाही, फरशी ओली असते. हे माझ्याकडं बघून म्हणाले.

दुसऱ्या वेळीही दाणे आत. तिसऱ्या वेळी मी बघायला गेले नाही. परीक्षेचे दिवस होते, बाटल्यांचा ढीग पडला होता, आणि रिकामी वाटी एव्हाना तिला स्वतःला वाचता यायला लागली होती. मी नळाशी होते. पहिलं पाणी, दुसरं पाणी. पलीकडं मामूंच्या खोलीचा पडदा ओढल्याचा आवाज आला. तिसरं, चौथं. काहीच ऐकू येईना. पाचवं मी जरा सावकाश ओतलं.

मग स्टूल पडलं. पाठोपाठ चपलांचा धडधडाट माझ्या दाराच्या दिशेनं.

मी बाटली फळीवर ठेवली, सहा आणि सात बाकी ठेवून. नळ बंद केला. बादली पायानं भिंतीला सरकवली, हात पदराला कोरडे पुसले आणि पाय रोवून उभी राहिले.